बाटलीचं वजन

"तू उंदरायला दारू पाजायलीस म्हणे?"

मावशीनं हे विचारलं ते ऐन कापसाच्या सीझनमध्ये, ओसरीवर, चार बायकांसमोर. हैदराबादेत नोकरी लागून तेव्हा मला दीडेक वर्ष झालं होतं. आईनं गावात, भैंशात, सगळ्यांना 'पोरगी औषधाच्या लाइनीत आहे' एवढंच सांगून ठेवलेलं. उंदरांची गोष्ट कुठून फुटली कोण जाणे. बहुतेक माझ्या भावानंच फोडली.

"पाजत नाही मावशी, नुसती ठेवते. ते आपल्या मनानं पितात."

यावर ओसरीवर जे हसणं सुरू झालं ते चहा येईपर्यंत थांबलं नाही. मावशी तेवढी हसली नाही. रात्री मी भांडी विसळत होते, तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "असं काही औषध निघालं असंल तर दे की मला. चहात टाकीन. त्यायला कळायच्या आत सुटावी."

'त्यायला' म्हणजे आमच्या काकांना. मावशीचे यजमान निजामाबादकडं एका राईस मिलवर हिशोब लिहायचे, आठवड्यातून एकदा घरी यायचे आणि रोज संध्याकाळी कल्लू प्यायचे. कल्लू म्हणजे आपली शिंदी, नाहीतर ताडी. आमच्या भागात एकाच गोष्टीला तीन नावं असणं नवीन नाही. घरात मराठी, बाजारात तेलुगू, अडतीवर उर्दू. गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, 2016 पासून निर्मल जिल्ह्यातलं. भोकरचा पाहुणा आला की त्याच्याबरोबर देशीची बाटली येते, आदिलाबादकडच्या गोंड पाड्यांवरून मोहाची येते, आणि झाडावरची शिंदी इथलीच. माणूस कुठल्याही भाषेत पिऊ शकतो.

मावशीला मी 'बघते' म्हणाले. खरं तर तेव्हा मी जे करत होते ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी बाटल्यांची वजनं करत होते.

उंदराला दारू आवडते असं लोक समजतात. माझाही तोच समज होता. साध्या विस्टर जातीच्या उंदरासमोर पाण्याची एक आणि दहा टक्के अल्कोहोलची एक अशा दोन बाटल्या लावल्या, तर तो दुसरीला एकदा तोंड लावतो, नाक पुसतो आणि पाण्याकडं जातो. त्याला चव लावावी लागते. आधी साखरेच्या पाण्यात थोडी दारू, मग साखर कमी, दारू जास्त, असं करत तीन-चार आठवड्यांनी साखर पूर्ण काढायची. (माणसांत हे काम मित्र करतात.) काही देशांनी यावर दुसरा उपाय काढला. जे उंदीर जास्त पितात त्यांचीच पुढं पैदास करायची. चिलीत हे फार पूर्वी सुरू झालं. फिनलंडमध्ये 1960 च्या दशकात सरकारी दारू कंपनीच्याच प्रयोगशाळेत झालं, आणि सार्डिनियात, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातही अशी घराणी तयार झाली. इंडियानाचा 'पी' उंदीर वजनाच्या किलोमागे दिवसाला 5 ग्रॅमांहून जास्त अल्कोहोल रिचवतो, तेही स्वखुशीनं. आमच्याकडं होते साधे विस्टर, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून आणलेले. ती संस्था 1958 मध्ये कुन्नूरहून हैदराबादला आली, आणि तिची उंदरांची वंशावळ 1920 पासूनची आहे. आमच्या घरात कुणालाही पणजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येत नाही.

काम असं. सकाळी नऊला प्रत्येक पिंजऱ्यावरच्या दोन्ही बाटल्या काढायच्या, वजन करायचं, वहीत लिहायचं, भरायच्या, पुन्हा वजन, पुन्हा लावायच्या. लावताना डावीउजवी बदलायची, कारण काही उंदीर दारूला नाही तर डाव्या बाजूला चिकटलेले असतात. उंदरांचं वजन वेगळं. 300 ग्रॅमचा उंदीर 10 टक्क्यांची दारू 15 मिलिलिटर प्यायला तर त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण 1.2 ग्रॅम, म्हणजे किलोमागे जवळपास 4 ग्रॅम. आणि एक पिंजरा रिकामा. त्यात उंदीर नाही, पण बाटल्या आहेत. पिंजरे हलतात, नळीतून थेंब गळतात, ते 'प्यायलं' म्हणून धरलं जाऊ नये यासाठी रिकाम्या पिंजऱ्याची गळती सगळ्यांतून वजा करायची. मला त्या रिकाम्या पिंजऱ्याचं फार कौतुक वाटायचं. न पिणाऱ्याच्या नावावर किती खर्च पडतो, हे तो रोज सांगायचा.

प्रयोग दोन औषधांच्या जोडीचा होता. नाल्ट्रेक्सोन आणि प्राझोसिन. नाल्ट्रेक्सोन हे मेंदूतल्या अफूसारख्या द्रव्यांची जागा अडवतं, त्यामुळं प्यायल्यावर जी मजा येते ती फिकी पडते. अमेरिकेत ते दारूसाठी मंजूर झालं 1994 मध्ये. प्राझोसिन हे मुळात रक्तदाबाचं औषध. पण त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते दारूच्या संदर्भात नाही, विंचवाच्या. नांदेडला बी. फार्मसी करताना आमच्या सरांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट सांगितली होती. जालना जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा, कोकणात सरकारी दवाखान्यात लागतो, लाल विंचू चावून लोक मरताना बघतो, आणि प्राझोसिन देऊन त्यांना वाचवतो. विंचवाचं विष शरीरात अ‍ॅड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर आणतं, प्राझोसिन त्या पुराची दारं बंद करतं. आमच्याकडं कापूस वेचायला गेलेल्या बायकांना विंचू चावणं नेहमीचं, त्यामुळं तो तास मला अजून आठवतो.

दारू सुटताना शरीरात छोटा विंचूच चावलेला असतो. घाम, थरथर, छातीत धडधड, झोप नाही. तीच द्रव्यं, फक्त पूर लहान. म्हणून तेच औषध.

माणूस का पितो याची ही दोन वेगळी उत्तरं आहेत. एक, मजा येते म्हणून. दुसरं, नाही प्यायलं तर तगमग होते म्हणून. बहुतेकांचा प्रवास पहिल्यापासून दुसऱ्याकडं होतो, आणि कुठल्या वळणावर कोण आहे हे बाहेरून ओळखू येत नाही. एका औषधानं मजा कमी करायची, दुसऱ्यानं तगमग. इंडियानाच्या गटानं 2013 मध्ये दाखवलं की 'पी' उंदरांना ही दोन्ही एकत्र तोंडावाटे दिली की दारू जेवढी कमी होते, तेवढी एकेकट्यानं होत नाही. आम्ही तेच आमच्या उंदरांवर, आमच्या पद्धतीनं बघत होतो. चार गट. एकाला काहीच औषध नाही, एकाला पहिलं, एकाला दुसरं, एकाला दोन्ही. दोन्हींची मात्रा मुद्दाम इतकी कमी की एकेकट्यानं फारसं काही होऊ नये. एकट्यानं हात लावून न हलणारा दगड दोघांनी हलवला तरच जोडीला अर्थ.

आणि मग खरी कसोटी. दारू कमी झाली म्हणजे काय झालं? प्राझोसिननं रक्तदाब उतरतो, गुंगी येऊ शकते. उंदीर कोपऱ्यात पडून राहिला तर तो दारू कमी पिणारच, पाणीही कमी पिईल, खाणंही कमी खाईल. म्हणून पाण्याची बाटली, खाण्याचं वजन, त्याची फिरफिर, सगळं मोजायचं. दारू कमी आणि बाकी सगळं जसंच्या तसं, तरच आकडा खरा. नवीन पोरं प्रयोगशाळेत आली की मी त्यांना अजून हेच सांगते. आधी पाण्याची बाटली बघा.

हे मी शिकले ते चुकीतून. जोडीच्या गटातला चौदा नंबरचा उंदीर. औषध सुरू करून चौथ्या दिवशी त्याची दारू एकदम खाली आली, पाचव्या दिवशी जवळपास शून्य. पाणी मात्र वाढलेलं. मी खूश. प्रयोगशाळेतल्या सरांना फोन केला, आलेख काढला, रात्री आईलाही सांगून टाकलं की औषध लागू पडायलंय. सहाव्या दिवशी बाटली धुताना नळीच्या तोंडातली स्टीलची गोळी बोटाला हललीच नाही. साखरेच्या दिवसांतला चिकटा त्यात वाळून बसला होता. उंदीर चाटत होता, गोळी फिरत नव्हती, थेंब येत नव्हता. तो बिचारा दोन दिवस कोरड्या नळीला चाटून शेवटी पाण्याकडं गेला होता.

मी नळी बदलली. सातव्या दिवशी चौदा नंबर आधीपेक्षाही जास्त प्यायला.

हेही नवीन नाही. दारू प्यायला लागलेल्या उंदराची दारू काही दिवस तोडली आणि मग परत दिली, की तो काही काळ पूर्वीपेक्षा जास्त पितो. 1960 च्या दशकात जॉन डेव्हिड सिंक्लेअर या संशोधकानं हे नोंदवलं. पुढं तोच फिनलंडला गेला आणि नाल्ट्रेक्सोन दारू पिण्याआधी घ्यावं, म्हणजे पिता पिताच ओढ विझत जाते, असं म्हणत राहिला. मला चौदा नंबरनं ते एका आठवड्यात शिकवलं. त्याचे ते दिवस हिशोबातून काढावे लागले. वहीत मी लाल शाईनं लिहिलं, 'नळी बंद'. सर एवढंच म्हणाले की लिहिलंस हे बरं केलंस.

त्यानंतर दीड वर्षानं निजामाबादची नळी बंद झाली.

2015 च्या पावसाळ्याअखेर तेलंगणा सरकारनं गुडुंब्यावर म्हणजे गावठी दारूवर आणि भेसळीच्या ताडीवर कारवाई सुरू केली. कारवाई योग्यच होती. आमच्या भागातल्या कल्लूच्या दुकानात मिळतं ते झाडाचं किती आणि पाकिटातलं किती, हे पिणाऱ्यांनाही माहीत असतं. झाडं कमी, गिऱ्हाईक जास्त. मग पाणी, साखर, सॅकरिन, आणि गुंगीसाठी क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम. म्हणजे काका रोज संध्याकाळी जे प्यायचे ते दारू कमी आणि झोपेच्या गोळ्यांचं द्रावण जास्त. पुरवठा आटल्यावर निजामाबाद, मेदक, महबूबनगरच्या दवाखान्यांत माणसं येऊ लागली. झटके, जीभ चावलेली, बडबड, भास. त्यात बायकाही होत्या. कल्लू आमच्याकडं फक्त पुरुषांचं पेय नाही.

काकांना मिलवर तिसऱ्या दिवशी झटका आला. हमालांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मावशीचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते. ती रडत नव्हती, चिडली होती. "तीन दिवस प्यायले नाहीत तर असं झालं. म्हणजे प्यायलेलंच बरं होतं की!"

काय सांगणार? जोड्या तपासण्यात माझी दोन वर्षं गेली होती आणि माझ्या घरातला माणूस वीस वर्षं एका जोडीवर जगत होता. ती जोडी कुणी समितीपुढं मांडली नव्हती. उंदरावर काही करायचं तर आम्हाला 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीची परवानगी लागते. किती उंदीर, का एवढे, कमीत भागेल का, वेदना किती, शेवटी काय करणार, सगळं फॉर्मात लिहावं लागतं. मडक्यात पावडर टाकणाऱ्याला कुठलाच फॉर्म भरावा लागत नाही. दवाखान्यात काकांना झटके थांबवायला दिलं तेही त्याच घराण्यातलं औषध, फक्त मोजून, आणि रोज थोडं थोडं कमी करत. ज्या पदार्थानं अडकवलं त्याच्याच भाऊबंदानं सोडवलं. फरक मात्रेचा आणि वहीचा.

आमच्या प्रयोगाचं पुढं काय झालं हे विचारणारे विचारतात. जोडीनं दारू कमी झाली, एकेकट्यापेक्षा जास्त, पाणी आणि खाणं फारसं न हलता. शून्य झाली नाही. कुठल्याच उंदराची झाली नाही. मग ठरल्याप्रमाणं उंदीर मारले गेले आणि मेंदूचे काप घेतले. चौदा नंबरही. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले, हे मी लपवणार नाही. या कामाला माझं मन तयार आहे का, हे मला दरवेळी नव्यानं विचारावं लागतं, आणि ज्या दिवशी विचारणं थांबेल त्या दिवशी मी ते सोडीन असं ठरवलंय.

उंदरात जमलं ते माणसात जमेलच असं नाही, हे या क्षेत्रात लवकर शिकवलं जातं. अमेरिकेत 1383 लोकांवर नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट हे दारूवरचं दुसरं औषध एकेकटं आणि एकत्र देऊन बघितलं, त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. कागदावर ही जोडी उत्तम होती. प्रत्यक्षात नाल्ट्रेक्सोनचा काही उपयोग दिसला, अकॅम्प्रोसेटनं त्यात भर घातली नाही. प्राझोसिनबद्दल 2021 मध्ये येल विद्यापीठाच्या गटानं एक बारीक गोष्ट दाखवली. ज्यांना दारू सुटतानाची तगमग जास्त होती, त्यांनाच त्याचा फायदा झाला. इतरांना नाही. मला हा निष्कर्ष सगळ्यात पटला. विंचू न चावलेल्याला विंचवाचं औषध देऊन काय होणार? नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात आणि कामठीच्या फार्मसी महाविद्यालयात आपल्या मराठी माणसांनीही उंदरांवर हीच तगमग वर्षानुवर्षं मोजली आहे. अ‍ॅग्मॅटिन नावाचं शरीरातच तयार होणारं द्रव्य तिला शमवतं का, हे त्यांनी बघितलं. मी एम. फार्मला नागपूरला असते तर कदाचित त्याच टेबलावर बसले असते.

पण या सगळ्यात मला जे खटकतं ते आकड्यांच्या बाहेरचं आहे. आम्ही जोडी यशस्वी म्हणतो ती दारू कमी झाली की. भैंशात कुणी 'कमी झाली' हे ऐकूनच घेत नाही. प्रश्न एकच, सुटली का? सुटली नाही म्हणजे औषध खोटं, डॉक्टर खोटा, पिणारा तर खोटाच. देवाची शपथ, बासरला सरस्वतीसमोर सोडलेली दारू, बसच्या काचेवर चिकटवलेली 'रुग्णाच्या नकळत' वाली जाहिरात, हे सगळे शून्याचेच वायदे आहेत. पंधरा दिवस शून्य, आणि मग चौदा नंबरचा सातवा दिवस. तो दिवस आला की घरातले म्हणतात, बघा, गेलं वाया. मी म्हणते, वाया काही गेलं नाही, नळी बंद होती ती उघडली. ओढ कमी झाली का ते अजून कुणी मोजलंच नाही. दारूबंदीविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. शेजारच्या चंद्रपुरात ती 2015 ला आली, 2021 ला गेली, आणि ज्या बायकांनी ती मागितली त्यांची मागणी खरीच होती. दुकान बंद करणारं सरकार असतं. त्या दुकानापुढं रोज उभ्या राहणाऱ्याचं पुढच्या तीन दिवसांत काय होईल, याची वही कोण ठेवणार, एवढंच मी विचारते.

काकांना पुढं नांदेडच्या एका मानसोपचार डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन सुरू केलं. आधी लिव्हरची तपासणी, मग रोज एक 50 मिलिग्रॅमची गोळी. मावशीला मी दोन गोष्टी बजावल्या. एक, चोरून काहीही द्यायचं नाही. तिनं कुठूनतरी डायसल्फिरामची पट्टी आणून डब्यात लपवली होती. 1948 मध्ये कोपनहेगनच्या दोन संशोधकांनी दारूसाठी पुढं आणलेलं हे जुनं औषध. जंतांवर चालतं का म्हणून ते बघत होते, स्वतःच गोळ्या घेतल्या, वर दारू प्यायले आणि आजारी पडले. माहीत असलेल्या माणसाला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी आहे. माहीत नसलेल्यानं वर दारू घेतली तर तोंड लाल, उलट्या, रक्तदाब खाली, आणि काकांच्या वयात हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. घरी कुणाच्या चहात हे जात असेल तर कृपा करून आजच थांबवा. आणि रोज पिणाऱ्यानं अचानक सोडली, घाम-थरथर सुरू झाली, तर त्याला खोलीत कोंडू नका, दवाखान्यात न्या.

दुसरी गोष्ट मी तिला सांगितली ती सोपी होती. कालनिर्णयवर रेघ मार. ज्या दिवशी प्यायले त्या दिवशी एक.

"आन् नाही प्यायले तर?"

"तर काही नको. रिकामं ठेव."

ती सहा महिने कुरकुरली. सुटली नाही तर रेघा काय कामाच्या, म्हणाली. काकाही अजून पितात. बाजाराच्या दिवशी, कुणाच्या लग्नात, एखाद्या भांडणानंतर. मागच्या दिवाळीला गेले तेव्हा तिनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मला न बोलता दाखवलं. आश्विनात सात रेघा होत्या. आदल्या वर्षीचं पानही तिनं त्याच खिळ्याला मागं जपून ठेवलं होतं. त्यावर सव्वीस.